एक्स-रेत जबड्याचा सांधा झिजलेला दिसला, आता काय करायचं?

प्रश्न: माझं वय ४७. उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल करायचं म्हणून डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढायला सांगितला. रिपोर्टमध्ये दाढेबद्दल दोन ओळी होत्या आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘दोन्ही बाजूंच्या कंडाइलमध्ये डिजनरेटिव्ह बदल. उजवा कंडाइल चपटा, पुढच्या कडेला लहान ऑस्टिओफाइट, सांध्यातली जागा कमी झालेली.’ मला जबड्याचा खास त्रास कधीच नव्हता. तोंड मोठं उघडलं की उजव्या कानापाशी वाळू घासल्यासारखी करकर येते, पण ती बरीच वर्षं आहे. अधूनमधून सकाळी उठल्यावर कानशिलं जड असतात, कान दुखल्यासारखा वाटतो. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. रिपोर्ट हातात आल्यापासून मात्र माझं सगळं लक्ष जबड्याकडेच असतं. आरशासमोर उभी राहून तोंड उघडून-मिटून बघते. कडक काही खायचं सोडलंय. डॉक्टर म्हणाले, चावा नीट बसत नाही म्हणून सांधा झिजला, मागच्या सगळ्या दाढांवर कॅप घालून चावा उंच करून घ्या, नाहीतर पुढे जबडा अडकेल. घरचे म्हणतात कॅल्शियम कमी झालं असेल. हे वाढत जाऊन मला तोंडच उघडता येणार नाही का? कॅप बसवून घेऊ का? आणि ते रूट कॅनॉल आता करावं की थांबावं?

उत्तर: ताई, आधी थेट उत्तरं देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. या रिपोर्टवरून तुमचं तोंड पुढे उघडेनासं होईल असं म्हणता येत नाही, आणि अशी झीज दिसलेल्या बहुतेकांच्या बाबतीत तसं होतही नाही. सांध्यासाठी म्हणून दाढांवर कॅप घालू नका. कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. रूट कॅनॉल मात्र करून घ्या. पण नुसतं ‘काळजी करू नका’ म्हटल्यानं कुणाची काळजी जात नाही, म्हणून हे सगळं मी कशाच्या आधारावर म्हणते ते सविस्तर लिहिते.

कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली जे सरकतं तो कंडाइल, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं गोलसर टोक. ते कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत बसतं आणि दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडायला लागलं की कंडाइल आधी जागच्या जागी फिरतो, मग चकतीला सोबत घेऊन खोबणीतून पुढे घसरतो. शरीरातल्या फार थोड्या सांध्यांना ही दोन्ही कामं एका हालचालीत करावी लागतात. त्यातून खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे डावा आणि उजवा सांधा एकमेकांना सोडून हलूच शकत नाहीत. एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला जाणवलं तर त्यात नवल नाही.

या सांध्याचा एक गुण रिपोर्टमध्ये कधीच लिहिलेला नसतो. गुडघ्यात किंवा खुब्यात हाडावर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्या जागी इथे तंतूंनी घट्ट विणलेलं आवरण असतं. हे आवरण आणि त्याखालचं हाड पडणाऱ्या भारानुसार आपला आकार बदलत राहतं, मोठं झाल्यावरही. एखादी दाढ गेली, एका बाजूनं चावायची सवय लागली, वय वाढलं, की कंडाइलचा गोलवा थोडा कमी होतो, पृष्ठभाग रुंद होतो, कड जाड होते. भार जास्त जागेवर वाटून घ्यायचा हा शरीराचा मार्ग आहे. जुन्या जिन्याची पायरी मधोमध खोलगट होते, म्हणून जिना कोसळत नाही. या सांध्याचंही पुष्कळदा तसंच असतं.

आता तुमच्या रिपोर्टमधल्या तीन गोष्टी एकेक करून पाहू. पहिली, कंडाइल चपटा असणं. जबड्याच्या सांध्याच्या विकारांचं निदान करण्यासाठी जगभर जे निकष वापरले जातात ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत नुसता चपटेपणा किंवा हाडाच्या कडेची वाढलेली घनता यांना झिजेच्या आजाराचा पुरावा मानलेलं नाही. तो वयाचा परिणाम असेल, सांध्यानं करून घेतलेली जुळवणी असेल, किंवा क्वचित झिजेची सुरुवात असेल. फिल्मवरून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट ऑस्टिओफाइट, म्हणजे हाडाच्या कडेला आलेलं चोचीसारखं टोक. हे मात्र त्या निकषांत बसतं, तसंच हाडाची खरवडल्यासारखी झालेली कड किंवा हाडातली लहान पोकळीही बसते. म्हणजे तुमच्या उजव्या सांध्यात झीज झालेली असणं शक्य आहे, आणि बरीच वर्षं येणारी करकर त्याला दुजोरा देते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तिसरी गोष्ट, ‘सांध्यातली जागा कमी’. ही ओळ तुम्ही बिनधास्त सोडून द्या. ओपीजी काढताना तुम्हाला समोरच्या दातांमध्ये एक प्लास्टिकची काडी धरायला दिली होती, आठवतंय? ती धरली की खालचा जबडा थोडा उघडतो आणि थोडा पुढे येतो. म्हणजे फोटो निघाला तेव्हा कंडाइल त्याच्या नेहमीच्या जागी नव्हताच. अशा स्थितीत दोन हाडांमधलं अंतर मोजून सांध्याबद्दल काही ठरवता येत नाही. शिवाय ओपीजीचं यंत्र सगळा जबडा एका सपाट चित्रात उलगडून दाखवतं. त्याचा रोख दातांवर असतो, सांधे चित्राच्या दोन टोकांना येतात, तिरके आणि ताणलेले. गालाच्या हाडाची सावलीही त्यांच्यावर पडते. मान जराशी वळलेली असली तरी डावा-उजवा कंडाइल वेगवेगळ्या आकाराचा दिसू शकतो.

ओपीजी या सांध्यासाठी किती कमी पडतो हे मोजलं गेलं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्याच रुग्णांचे सीटी स्कॅन प्रमाण मानून तुलना केली, तेव्हा ज्या सांध्यांत खरोखर झीज होती त्यांतले जेमतेम २६ टक्के ओपीजीत ओळखता आले. उलट ओपीजीत झीज स्पष्ट दिसली तर ती बहुतेक वेळा खरी निघाली. याचे दोन अर्थ मला महत्त्वाचे वाटतात. तुमच्या आसपास, तुमच्याच वयाच्या अनेकांच्या सांध्यात असेच बदल असतील, फक्त त्यांच्या एक्स-रेत ते दिसले नसतील किंवा त्यांनी एक्स-रे काढलाच नसेल. आणि तुमचा हा बदल काल-परवाचा नाही. दाढेसाठी फोटो काढला म्हणून तो दिसला, एवढंच नवीन आहे.

फिल्मवरचं चित्र आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ या सांध्यात फारच ढिला आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात जबड्याच्या सांध्याच्या झिजेचे रुग्ण साध्या उपचारांनंतर सुमारे तीस वर्षांनी पुन्हा बोलावून तपासले गेले. १९९० च्या दशकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक्स-रेत झिजेच्या खुणा होत्या, अनेकांच्या वाढलेल्याही होत्या. पण दुखणं आणि तोंड उघडण्याची अडचण बहुतेकांची कितीतरी कमी झाली होती. कोणतीही मोठी शस्त्रक्रिया न करता. माझ्यासमोर घाबरून बसलेल्या प्रत्येक रुग्णाला हे मी आवर्जून सांगते, कारण गुडघ्याच्या अनुभवावरून आपण सगळे धरून चालतो की झीज म्हणजे एकाच दिशेनं उतार. या सांध्यात तसं होत नाही. साधारणपणे एक काळ असा येतो की सांधा चिडलेला असतो, दुखतो, हाड कमी-जास्त होत असतं. मग काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत तो शांत होतो, हाडाला पुन्हा नीट कड येते, दुखणं ओसरतं आणि मागे एक बदललेला आकार व थोडी करकर उरते. फिल्मवर मग तो आकार कायम दिसत राहतो. तुमचं वर्णन वाचून मला या शेवटच्या अवस्थेतला सांधा डोळ्यांसमोर येतो. समोर तपासल्याशिवाय खात्रीनं म्हणणार नाही, पण दुखणं नसलेली, वर्षानुवर्षं तशीच राहिलेली करकर हे सहसा शांत सांध्याचं लक्षण असतं. त्या आवाजावर उपचार करायची गरज नसते.

मग सकाळी कानशिलं जड का होतात? माझा संशय सांध्यापेक्षा स्नायूंवर आहे. दोन बोटं गालावर ठेवून दात घट्ट आवळा, जो गोळा टणक होतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तसंच कानशिलावर ठेवा, तिथेही एक पसरट स्नायू फुगतो. दात सोडून हे दोन्ही स्नायू जरा दाबून बघा. तिथे ओळखीचं दुखणं जागं झालं तर उत्तर तिथेच मिळालं. झोपेत दात आवळले किंवा खाल्ले जातात तेव्हा हे स्नायू रात्रभर राबतात आणि सकाळी थकलेले असतात. कान दुखल्यासारखा वाटण्याचं कारणही सोपं आहे: सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून आहे आणि दोघांच्या संवेदना वाहून नेणारी एक नस सामाईक आहे. मेंदूला कळ नेमकी कुठून आली हे कळत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तुम्ही योग्यच केलंत; कान स्वच्छ आहे हे कळल्यामुळे आता इकडे लक्ष देता येतं.

रात्रीपेक्षा दिवसाची सवय आपल्या हातात जास्त असते. दिवसभरात आपले वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला हवेत ते फक्त चावताना आणि गिळताना, म्हणजे अगदी थोडा वेळ. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक ‘न’ म्हणताना जिथे टेकतं तिथे टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची जागा. संगणकावर काम करताना, गाडी चालवताना, भाजी चिरताना, फोनवर एखादं नकोसं बोलणं ऐकताना स्वतःला विचारून पहा की दात कुठे आहेत. पुष्कळ जण आवळून बसलेले असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. घड्याळाच्या ठोक्याला, दार उघडताना, फोन उचलताना, कशाचीही आठवण ठेवा, पण आठवलं की दात सोडा आणि खांदे खाली सोडा. हे इतकं साधं आहे की लोक त्याला उपचार मानतच नाहीत. माझ्या मते मात्र तुमच्यासाठी सगळ्यात जास्त फरक यानंच पडेल.

आणि ते आरशासमोर उघडून-मिटून बघणं आजपासून बंद करा. प्रत्येक तपासणीत तुम्ही सांधा टोकापर्यंत ताणता, करकर ऐकता, घाबरता आणि पुन्हा दात आवळता. महिन्यातून एकदा बघायला हरकत नाही. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशी तीन बोटं उभी एकावर एक समोरच्या दातांमध्ये मावली की उघडणं पुरेसं आहे. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर साधारण ४० किंवा त्याहून जास्त.

कडक खाणं कायमचं सोडायची गरज नाही. सांधा किंवा स्नायू दुखत असतील तेव्हा एक-दोन आठवडे मऊ खा, लहान घास घ्या, नंतर हळूहळू नेहमीचं सुरू करा. कायम मऊच खात राहिलं तर चावण्याचे स्नायू दुबळे होतात आणि पुढे साध्या गोष्टीनंही दुखतात. च्युइंगगम, नखं कुरतडणं, पेनाचं टोपण चावणं, हनुवटीखाली हात टेकून तासन्‌तास बसणं हे मात्र खरंच सोडा. जांभई आली की हनुवटीला खालून हाताचा हलका आधार द्या, म्हणजे तोंड पूर्ण टोकापर्यंत उघडणार नाही. सकाळी जडपणा असेल तर कोमट ओल्या कपड्यानं दोन्ही गाल आणि कानशिलं पंधरा-वीस मिनिटं शेकून घ्या आणि मग जीभ टाळूला लावून, ती सुटू न देता, तोंड हळूहळू उघडा-मिटा, सहा-सात वेळा. जीभ टाळूला असली की कंडाइल फारसा पुढे घसरत नाही, त्यामुळे व्यायाम होतो आणि सांध्यावर ताणही येत नाही. दुखणं वाढत असेल तर जबड्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. हाताने स्नायू मोकळे करणं आणि देखरेखीखाली केलेले व्यायाम यांचा चांगला उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्या लागल्याच तर थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून, विशेषतः पित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर.

नाईट गार्डबद्दल, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या आवरणाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. त्यानं झिजलेलं हाड परत येत नाही. दात झिजण्यापासून वाचतात आणि काहींचं सकाळचं दुखणं कमी होतं. तुमचे दात घासले गेले असतील किंवा वरच्या उपायांनी दोन-तीन महिन्यांत सकाळचा जडपणा गेला नाही, तर जरूर करून घ्या. मात्र एका जबड्याचे सगळे दात झाकणारा, कडक प्रकारचा, फक्त रात्री घालायचा. फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या दातांवर बसणारी पट्टी महिनोन्‌महिने वापरली तर झाकलेले दात आत दबतात, न झाकलेले बाहेर येतात आणि चावाच बदलतो.

आता कॅप्सकडे येते. चावा चुकला म्हणून सांधा बिघडतो, ही कल्पना फार जुनी आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टेन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञानं मांडलं की मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, कंडाइल मागे सरकून कानाच्या भागावर दाब आणतो आणि त्यातून कानाची, डोक्याची दुखणी येतात. उपाय अर्थातच चावा उंच करणं. त्यांनी सांगितलेला दाबाचा प्रकार पुढे शरीररचनेच्या अभ्यासात टिकला नाही. पण चावा सुधारला की सांधा सुधारेल हा विश्वास दंतवैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तुमचे डॉक्टर तुम्हाला फसवतायत असं मी म्हणत नाही, अनेकांना शिकवलंच तसं गेलं आहे. आजच्या माहितीनुसार मात्र दातांच्या चाव्यात कायमचा बदल करून सांध्याची झीज थांबते याला आधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेचाही रुग्णांना सल्ला आहे की जबड्याच्या सांध्यासाठी दात किंवा जबडा कायमचे बदलणारे उपचार टाळा. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या दीर्घकाळच्या दुखण्याबद्दल मार्गदर्शक शिफारशी आल्या. त्यांत सगळ्यात ठामपणे पुढे केलेले उपाय म्हणजे जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, स्वतः घ्यायची काळजी आणि विचार-वर्तनावर काम करणारे मानसोपचार. चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटला (दातांवर बसवायच्या पट्टीला) आणि चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला त्यांनी ठाम नकार दिला आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. सांधा झिजल्यामुळे कंडाइलची उंची कमी झाली तर चावा बदलू शकतो. म्हणजे चावा नीट बसत नाही हे कारण नसून परिणामही असू शकतो. आणि सांधा अजून बदलत असताना त्यावर दहा-बारा कॅप बसवल्या, तर सांधा आणखी थोडा बदलला की तो सगळा नवा चावा पुन्हा चुकणार. शिवाय कॅप बसवायची म्हणजे निरोगी दाढ चारही बाजूंनी घासायची. ती घासलेली दाढ परत येत नाही, आणि अशा दाढांपैकी काहींना पुढे रूट कॅनॉल लागतं. तुम्हाला दुखत नाही, चावता येतं, तोंड उघडतं. त्रास नसलेल्या माणसाच्या धड दाढा फिल्मवरच्या एका टोकासाठी घासणं मला मान्य नाही. एखादी दाढ खरंच मोडली असेल, किंवा रूट कॅनॉल झालेल्या दाढेला संरक्षण म्हणून कॅप लागणार असेल, तर ती जरूर करा. ती त्या दाढेसाठी असेल.

डॉक्टरांना असं विचारून बघा: ‘मला आत्ता त्रास नाही, तर या कॅप्सनी माझं नेमकं काय सुधारणार? आणि सुधारलं नाही तर मागे फिरता येईल का?’ उत्तर पटलं नाही तर ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजीच्या तज्ज्ञांचं किंवा मॅक्सिलोफेशियल सर्जनचं, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं, दुसरं मत घ्या. मोठ्या दंतमहाविद्यालयांत हे दोन्ही विभाग असतात. घाई करण्यासारखं तुमच्या पत्रात काहीच नाही. या सांध्याच्या बाबतीत घाईचा इतिहास दुःखद आहे: १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक रुग्णांची चकती काढून तिथे टेफ्लॉनचं लेपन असलेले कृत्रिम तुकडे बसवले गेले. ते दाबाखाली फुटले, त्यांच्या कणांना शरीरानं जी प्रतिक्रिया दिली तिनं हाड खाल्लं, आणि १९९० च्या सुमारास ते बाजारातून मागे घ्यावे लागले. ज्यांची मूळ तक्रार बेताची होती अशांनाही त्यातून आयुष्यभराचं दुखणं लागलं. आज सांधा सुईनं धुऊन काढण्याची साधी प्रक्रिया आहे, १९९१ पासून ती माहीत आहे. अगदी निकामी झालेल्या सांध्यासाठी पूर्ण कृत्रिम सांधाही आहे. पण हे सगळं ज्यांना दुखतं, तोंड उघडत नाही आणि साधे उपाय करून झाले, त्यांच्यासाठी. तुमचा त्यांच्यात समावेश नाही.

कॅल्शियमचं थोडक्यात सांगते. हाडं ठिसूळ होणं आणि सांधा झिजणं हे दोन वेगळे आजार आहेत. कॅल्शियमच्या गोळ्यांनी कंडाइल पुन्हा गोल होणार नाही. मात्र हाडांच्या ठिसूळपणासाठी कुणी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेत असेल, तर दात काढण्यापूर्वी डेंटिस्टला नक्की सांगावं, कारण त्या औषधांवर असताना जबड्याचं हाड भरून यायला कधी कधी अडचण येते.

आता ज्या खुणा दिसल्या तर थांबू नये त्या सांगते. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची म्हणजे चावा बदलत जाणं: पूर्वी टेकणारे पुढचे दात टेकेनासे होणं, मागच्या दाढांवरच आधी चावा बसणं, हनुवटी मागे गेल्यासारखी किंवा एका बाजूला सरकल्यासारखी वाटणं. याचा अर्थ कंडाइल अजून कमी होत असू शकतो. तरुण मुलींमध्ये आणि वाढत्या वयाच्या मुलांत हे दिसलं तर जास्तच लवकर दाखवायला हवं, कारण लहान मुलांचा संधिवात जबड्यात गुपचूप, न दुखता हाड खाऊ शकतो. तोंड आठवड्यागणिक कमी उघडणं, किंवा पूर्वी होणारा टक्‌ आवाज एके दिवशी बंद होऊन तोंड अर्धवटच उघडणं हेही दाखवा. हाताच्या बोटांचे सांधे सकाळी तासभर आखडलेले राहत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. आमवातात जबड्याचा सांधाही सापडतो. कानापुढे सूज, ताप, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, मानेत गाठ, तोंडात न भरणारी जखम यांचा या साध्या झिजेशी संबंध नसतो, त्यांची तपासणी लगेच व्हायला हवी. आणि घरात पन्नाशीपुढचं कुणी असेल तर हे लक्षात ठेवा: घास चावता चावता जबडा थकून दुखू लागणं, कानशिलाजवळ नव्यानं डोकं दुखणं, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखणं, दृष्टी अंधुक होणं. हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो आणि त्याच दिवशी उपचार झाले नाहीत तर डोळा जाऊ शकतो. चालताना, जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं जबड्याचं दुखणं हृदयाकडून येत असू शकतं. ते डेंटिस्टकडे न्यायचं नसतं.

यांपैकी काही नसेल तर तुम्हाला आत्ता सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय सीटी स्कॅन) किंवा एमआरआय काढायची गरज मला दिसत नाही. सीबीसीटीत हाड स्पष्ट दिसतं, एमआरआयमध्ये चकती आणि सांध्यातलं पाणी दिसतं. पण त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी जवळपास तिघांतल्या एकाची चकती जागेवरून सरकलेली आढळते. म्हणजे काळजीला आणखी एक ओळ मिळेल, उपचार तेच राहतील.

राहिलं रूट कॅनॉल. ते लांबवू नका. दाढेतला संसर्ग वाढला तर ठणका, सूज आणि तोंड उघडायला अडचण हे तुम्हाला खरोखर होईल, आणि खापर बिचाऱ्या सांध्यावर फुटेल. काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा की उजव्या सांध्यात करकर आहे, बैठका लहान ठेवा, दर दहा-पंधरा मिनिटांनी तोंड मिटू द्या. दातांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा मागून घ्या, पण लहान आकाराचा; त्यावर जबडा टेकला की स्नायूंना तोंड उघडं धरून ठेवावं लागत नाही. दाढ उजवीकडची आहे, त्यामुळे ठोकळा डावीकडे येईल. घरी आल्यावर शेक घ्या आणि दोन-तीन दिवस मऊ खा. खालच्या दाढेसाठी तोंडात मागच्या बाजूला दिलेल्या इंजेक्शननंतर काही दिवस तोंड आखडल्यासारखं होऊ शकतं. ते बहुतेक वेळा स्नायूला सुई लागल्यामुळे होतं आणि हलक्या व्यायामानं सुटतं, तेव्हा त्या दिवसांत रिपोर्ट काढून पुन्हा वाचत बसू नका. खुर्चीत बसल्यावर, सुई टोचण्याआधी, तोंड किती मिलिमीटर उघडतं ते पट्टीनं मोजून तुमच्या केसपेपरवर लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी तुलना करायला ओपीजीपेक्षा तो एक आकडा जास्त कामाला येईल.